गाडी घाटात उचलत नाही: जुन्या डिझेल ऑटोमॅटिकचा दोष शोधायचा कसा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागतो. माझी गाडी तो चढ वर्षानुवर्षं मुकाट्याने चढत आली होती. एका पावसाळी सकाळी ती चढेना. पाय तळाला टेकवला, गिअर खाली पडला, काटा तीन हजारांवर गेला, पण वेग पन्नासच्या पुढे सरकेना. आरशात पाहिलं तर मागे काळा धूर. मालाने भरलेला एक ट्रक आरामात मला ओलांडून गेला, आणि त्याच्या क्लीनरने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

पुढच्या आठवड्यात तीन गॅरेजं झाली. पहिला म्हणाला, “ऑटोमॅटिक आहे ना साहेब, गिअरबॉक्स गेला.” दुसऱ्याने बॉनेट उघडायच्या आधीच टर्बोचं, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचं, नाव घेतलं. तिसरा म्हणाला चारही नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारे इंजेक्टर, बदला. तिघांच्या अंदाजपत्रकांची बेरीज केली असती तर एक बऱ्यापैकी सेकंडहँड हॅचबॅक आली असती. तिघांपैकी एकानेही काहीही मोजलेलं नव्हतं.

शेवटी दोष सापडला तो दोन-अडीच हजारांचा. कुठे, ते पुढे ओघात येईलच. त्या खटाटोपात मी दोष शोधण्याचा एक क्रम बसवला, आणि तो नंतर दोन मित्रांच्या गाड्यांनाही लागू पडला. तोच इथे मांडतो.

हा लेख कोणत्या गाड्यांसाठी ते आधी सांगतो. साधारण २०१० ते २०१९ मधल्या, कॉमन रेल डिझेल इंजिन (सगळ्या नोझलांना एकाच ‘रेल’ नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल मिळतं ते) आणि टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या गाड्या. फॉर्च्युनर, व्हर्ना, क्रेटा, एक्सयूव्ही ५००, इनोव्हा क्रिस्टा यांची डिझेल ऑटोमॅटिक रूपं डोळ्यांसमोर आणा. एएमटी किंवा ड्युअल क्लचच्या गाड्यांना इंजिनाचा भाग लागू होईल, गिअरबॉक्सचा नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत डीपीएफ नावाचं काजळीचं फिल्टर असतं आणि त्याचे स्वतःचे वेगळे रुसवेफुगवे असतात. ते इथे घेतलेले नाहीत.

आधी तक्रार नीट लिहा

“पिकअप नाही” ही तक्रार नव्हे. डॉक्टरकडे जाऊन “बरं वाटत नाही” म्हणण्यासारखं आहे ते. कागद घ्या आणि लिहा: गाडी थंड असताना होतं की गरम झाल्यावर? कायम की अधूनमधून? सपाट रस्त्यावर ठीक आणि चढावर मेली, असं आहे का? एसी लावल्यावर वाढतं का? इंजिन बंद करून पुन्हा चालू केल्यावर काही वेळ बरं चालतं का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. बंद-चालू केल्यावर ताकद परत येत असेल, तर ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, काहीतरी चुकीचं पाहून गाडी मुद्दाम लंगडी केली होती, म्हणजे ती लिंप मोडमध्ये गेली होती. तेव्हा ईसीयूत दोषाचा कोड बहुतेक वेळा साठवलेला सापडतो.

धुराचा रंगही लिहा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर म्हणजे डिझेल जळतच नाहीये: ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना उष्णता देणारे), नोझल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाणं). पांढराच, पण गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा असेल तर कूलंट आत जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ताकद नाही आणि धूरही नाही, हे लक्षण मला सगळ्यांत उपयोगी वाटतं. तिथे बहुतेकदा डिझेलच पुरेसं पोचत नसतं, किंवा ईसीयूच हात आखडता घेत असतो.

स्कॅनर लावा, पण कोड पुसू नका

ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाइलवर ॲप उघडायचं. कोड दिसले की आधी स्क्रीनचा फोटो काढा. अनेक गॅरेजांत पहिलं काम काय होतं, तर कोड क्लिअर. चोराचा ठसा पुसून मग चोर शोधायला निघण्यातली गत ती.

नेहमी भेटणारे काही कोड असे. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी ०२३४ म्हणजे जास्त. पी ००८७ म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब कमी. पी ०१०१ हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरचा, पी ०४०१ ईजीआरचा, म्हणजे जळलेला धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या वाल्वचा. पी ०७०० आला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे स्वतःची तक्रार आहे. ती वाचायला मात्र गिअरबॉक्सपर्यंत पोचणारा मोठा स्कॅनर लागतो. पी ०७४१ हा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचा, म्हणजे स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या आतल्या क्लचचा.

कोड म्हणजे निकाल नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. पी ०२९९ आला की टर्बो बदलणारे महाभाग मी पाहिलेत. कोड सांगतो दाब कमी आहे. फाटका पाइप, अडकलेला ईजीआर, तडकलेली व्हॅक्यूम नळी आणि खराब टर्बो, चौघांचा कोड तोच.

इंजिन की गिअरबॉक्स? हा घोळ आधी मिटवा

मॅन्युअल गाडीत क्लच घसरला की आपल्याला पायाला कळतं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांकडे बोट दाखवत राहतात. इंजिन कमजोर झालं की गिअरबॉक्स बिचारा पुन्हा पुन्हा खालचा गिअर टाकतो, आणि आपल्याला वाटतं गिअरबॉक्सच बिघडला. उलट लॉकअप क्लच थरथरत असेल तर ती थरथर थेट इंजिन मिसिंगसारखी लागते.

यासाठी मोकळा, सरळ रस्ता आणि मोबाइल सांभाळायला शेजारी एक माणूस घ्या. गाडी पूर्ण गरम होऊ द्या. गिअर हाताने टाकायची सोय असेल तर तिसरा गिअर धरून ठेवा, १,५०० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबा आणि ३,००० पर्यंत जाऊ द्या. शेजारच्याने स्कॅनरवर आरपीएम, वेग, टर्बोचा दाब आणि रेल प्रेशर रेकॉर्ड करायचं. हे एक रेकॉर्डिंग पुढे सगळीकडे कामी येतं, तेव्हा जपून ठेवा.

आता पाहा. सुरुवातीला कन्व्हर्टर थोडा घसरतो, ते स्वाभाविक. पण त्यानंतर आरपीएम आणि वेग हातात हात घालून वाढत असतील, फक्त हळू वाढत असतील, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे आणि इंजिन कमजोर आहे. आरपीएम झपकन वर आणि वेग तिथेच, असं दिसलं तर गिअरबॉक्स घसरतोय. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही रेषा एकत्र, कासवाच्या गतीने चढत होत्या. पहिल्या गॅरेजचं निदान तिथेच निकालात निघालं.

लॉकअपची परीक्षा आणखी सोपी. सपाट रस्त्यावर सत्तर-ऐंशीच्या स्थिर वेगाने चला. पाय अॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक इतकाच टेकवा की मागचे दिवे लागतील, गाडी थांबणार नाही. मागे कोणी नाही हे आधी पाहा. लॉकअप सुटून आरपीएम दोन-चारशेने वर गेला पाहिजे आणि पाय काढला की खाली आला पाहिजे. वर गेलाच नाही तर लॉकअप मुळात लागतच नव्हता. आणि रस्त्यावरच्या रंबलरवरून गेल्यासारखी थरथर ब्रेक टेकवताच गायब होत असेल, तर दोष लॉकअपचा किंवा गिअरबॉक्सच्या ऑइलचा. अशा वेळी नोझल उघडू नका.

जुनी मंडळी स्टॉल टेस्ट सांगतात: ब्रेक घट्ट दाबून, डी मध्ये टाकून पूर्ण रेस द्यायची आणि आरपीएम कुठे थांबतो ते पाहायचं. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी आला तर इंजिन कमजोर किंवा कन्व्हर्टरमधला स्टेटर सैल, जास्त आला तर गिअरबॉक्स घसरतोय. तर्क पक्का आहे. पण पाच सेकंदांपेक्षा जास्त धरलं तर ऑइल उकळतं, समोर माणूस असेल तर जीव जाऊ शकतो, आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकत्र दाबले की ईसीयू स्वतःच ताकद कापतो, मग चाचणीला अर्थ राहत नाही. रस्त्यावरचं रेकॉर्डिंग मला जास्त भरवशाचं वाटतं.

गिअरबॉक्सचं ऑइलही याच वेळी पाहून घ्या. डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागी, ऑइल गरम, इंजिन चालू, आणि पी की एन ते मॅन्युअल सांगेल तसं. डिपस्टिक नसेल तर ठरावीक तापमानाला खालचा ओव्हरफ्लो प्लग उघडून पातळी बघावी लागते. ते काम लिफ्टवरच होतं. ऑइल काळं आणि जळक्या वासाचं असेल तर बदला. “लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही” हे वाक्य नव्या गाडीच्या पहिल्या मालकासाठी असतं. ग्रेड मात्र मॅन्युअलमधलाच हवा. काउंटरवरचा माणूस म्हणेल, “सगळं सारखंच असतं,” तेव्हा दुकान बदला.

फुकटातल्या गोष्टी

या चार गोष्टींनी मी लोकांचे पैसे वाचलेले पाहिलेत.

पायाखालचं मॅट. जाड रबरी मॅट अॅक्सिलरेटरखाली सरकलं की पेडल तळापर्यंत जातच नाही. इंजिन बंद, चावी ऑन, आणि स्कॅनरवर पेडलचा आकडा पाहत हळूहळू पाय दाबा. आकडा न अडखळता चढला पाहिजे. काही गाड्यांत तो शून्यापासून शंभरापर्यंत जात नाही, त्यामुळे आकड्यापेक्षा चढण गुळगुळीत आहे का ते बघा. मध्येच उडी मारत असेल तर पेडल सेन्सर.

ब्रेक लाइटचा स्विच. शे-दोनशेत, फार तर पाच-सहाशेत मिळणारी वस्तू. ती बिघडली की ईसीयूला वाटतं तुम्ही ब्रेक दाबून ठेवलाय. मग तो लॉकअप सोडतो, काही गाड्यांत ताकदही कमी करतो. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि ब्रेक न दाबता मागचे दिवे पेटलेत का ते पाहा.

घासणारे ब्रेक. कोकणात किंवा किनाऱ्याजवळ राहणाऱ्या गाडीचे कॅलिपर गंजून धरतात. दहा किलोमीटर, शक्यतो कमीत कमी ब्रेक वापरून चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखं तापलं असेल तर इंजिन उगाच बदनाम झालंय.

बॅटरी आणि अर्थ. विश्रांतीत १२.५ व्होल्टच्या आसपास, स्टार्टर फिरताना साडेनऊच्या खाली नाही, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. व्होल्टेज डगमगलं की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर सगळ्यांत आधी बिथरतो. इंजिन ते बॉडी जाणारी अर्थची पट्टी सोडवून, पॉलिश पेपरने घासून परत घट्ट करा.

हवा

आता खरं काम. डिझेल इंजिनाची ताकद म्हणजे हवा आणि डिझेल, दुसरं काही नाही. हवा आधी, कारण ती तपासणं स्वस्त आहे.

एअर फिल्टर काढून बघा. कामं चाललेल्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरआधीच माखतो. फुंकर मारून परत बसवणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे, पण कॉम्प्रेसरच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. नवा घाला.

मग सेन्सरची परीक्षा. इंजिन बंद, चावी ऑन. स्कॅनरवर मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा, दाब बघा. तो बाहेरच्या हवेइतकाच यायला हवा: मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात उभ्या गाडीत ११० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि पुढचे सगळे आकडे व्यर्थ.

आकडा बरोबर असेल तर मघाचं रेकॉर्डिंग काढा. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय, २,००० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान, या काळातल्या बहुतेक टर्बो डिझेलांचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा १०० ते १५० किलोपास्कलने वर जातो. म्हणजे पुण्यात एकूण २००-२४०. साधी ॲप या जागी २५५ च्या वर आकडा दाखवूच शकत नाहीत, तो गाडीचा दोष नव्हे. माझ्या गाडीत हा आकडा १४० च्या पुढे जात नव्हता. दुसऱ्या गॅरेजचा टर्बोचा संशय म्हटलं तर बरोबर दिशेचा होता.

पण टर्बो बनवतो ती हवा इंजिनापर्यंत पोचते का, हे आधी पाहायचं. टर्बोपासून इंटरकूलर (हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक रबरी होज हाताने दाबून, वळवून, खालून आरसा आणि टॉर्च धरून पाहा. ऑइलचा थोडा ओलावा सगळीकडे असतो, कारण इंजिनाची वाफ त्याच वाटेने जाते. पण एकाच जागी ऑइल आणि त्यावर धुळीचा चिखल दिसला तर तिथून हवा निघतेय. माझा होज वरून ठणठणीत होता. खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, चार बोटांची चीर. इंजिन नुसतं चालू असताना ती मिटलेली, आणि चढावर दाब आला की माशाच्या तोंडासारखी उघडायची. एमएएफने मोजलेली हवा अर्ध्या वाटेत बाहेर, डिझेल मात्र त्या हिशेबाने आत. म्हणून काळा धूर.

डोळ्यांनी सापडलं नाही तर एअर फिल्टरच्या पुढचा पाइप बंद करून कॉम्प्रेसरची हवा अर्धा-पाऊण बार एवढीच सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतो तसं. दाब जास्त देऊ नका, नाहीतर इंजिनाची सीलं बाहेर येतील.

होज ठीक असतील तर टर्बोच्या पात्यांकडे वळायचं. या गाड्यांत व्हेरिएबल टर्बो असतो. त्याच्या आतल्या झडपा फिरवायला एक दांडी असते. काहींत ती व्हॅक्यूमवर चालते, काहींत इलेक्ट्रिक मोटरवर. व्हॅक्यूमवाल्यात नळ्या पाहा. पेन्सिलीएवढ्या रबरी नळ्या उष्णतेने तडकतात, विशेषतः टोकांना. हातपंपाने व्हॅक्यूम दिल्यावर दांडी न अडकता सरकली पाहिजे आणि तिथेच टिकली पाहिजे. ऑटोमॅटिक गाडी शहरात कायम कमी आरपीएमवर रांगते, त्यामुळे झडपांवर काजळी बसून त्या जाम होतात. सुरुवातीला हे साफ करून सुटतं. पूर्ण टर्बो बदलायची घाई नको.

पात्याचा दांडा बोटाने हलवून बघा, इंजिन थंड आणि बंद असताना. आडवा किंचित खेळ चालतो. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पातं भिंतीला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र टर्बो गेला, आणि गाडी चालवणं थांबवा.

का थांबवायचं, ते नीट समजून घ्या. टर्बोचं सील फुटलं की इंजिन स्वतःचंच ऑइल हवेबरोबर ओढून जाळू लागतं. चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, उलट वेग वाढत जातो. मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन गुदमरून बंद पडतं. ऑटोमॅटिकमध्ये तो मार्गच नाही. मग हवा बंद करणं एवढंच उरतं, म्हणजे इनटेकच्या तोंडावर जाड फळी दाबणं किंवा आत कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक सोडणं. हात किंवा पातळ कापड कधीही नाही, ते आत ओढलं जातं. हे जमण्यासारखं नसेल तर सगळ्यांना गाडीपासून दूर न्या.

आता ईजीआर. हा वाल्व जळलेला धूर पुन्हा आत सोडतो, आणि तो उघडा अडकला की ताज्या हवेची जागा धूर घेतो. ओळखायचं असं: २.२ लिटरचं इंजिन ८०० आरपीएमला, ईजीआर पूर्ण बंद असताना, सेकंदाला साधारण १३ ते १५ ग्रॅम हवा घेतं. इतर इंजिनांसाठी त्याच प्रमाणात हिशेब करा. एमएएफ कायमच याच्या निम्म्यावर दिसत असेल तर वाल्व उघडा अडकलाय किंवा एमएएफ मळलाय. एमएएफ त्याच्यासाठीच असलेल्या स्प्रेने धुवा, ब्रश लावू नका. ईजीआर काढून साफ करा आणि तेवढ्यात मॅनिफोल्डचं तोंड बघा. लाखभर किलोमीटर शहरात चाललेल्या गाडीत तिथे काजळी आणि ऑइलचा डांबरासारखा थर असतो, कधी कधी भोक निम्मं भरलेलं.

ईजीआरला पत्र्याची चकती लावून तो कायमचा बंद करायचा जुगाड सगळीकडे चालतो. मला तो पटत नाही. तो बेकायदेशीर आहे, बऱ्याच गाड्यांत लगेच कोड येतो आणि लिंप मोड मागे लागतो, आणि फाटका होज त्याने शिवला जात नाही.

डिझेल

हवेचे आकडे बरोबर आले, धूरही नाही, आणि तरी चढावर गाडी मरते. तर डिझेलकडे या.

बुजलेला फिल्टर गावात कधीच सापडत नाही. सिग्नलवर, गल्लीत गाडी उत्तम. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या पुढे किंवा घाटात ती दम सोडते, कारण तेव्हाच डिझेलची मागणी वाढते. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवत नसेल तर तपासत बसू नका, बदला. त्याआधी खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत डिझेल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी पाणी बसलं किंवा काळा गाळ दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. पावसाळ्यात आणि महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं.

गाडी हवा घेत असेल तर सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो, आणि उतारावर नाक वर करून उभी केली की जास्तच. फिल्टरनंतरच्या कमी दाबाच्या नळीत थोडा वेळ पारदर्शक पाइपचा तुकडा घाला आणि बुडबुडे बघा.

मग रेल प्रेशर. इंजिन आयडलला साधारण २५० ते ३५० बार, पूर्ण ताकदीला या पिढीच्या इंजिनांत १,६०० बार किंवा जास्त. ॲप किलोपास्कलमध्ये दाखवत असेल तर शंभराने भागा. आकड्यापेक्षा महत्त्वाचं काय, तर ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब यांतलं अंतर. पाय दाबल्यावर प्रत्यक्षाची रेषा मागणीच्या खाली लोंबकळत राहिली तर फिल्टर, पंपावरचा मीटरिंग वाल्व (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा), पंप किंवा गळणारी नोझलं, यांपैकी एक. आयडलला आरपीएम वरखाली झुलत असेल, सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडत असेल, तर आधी मीटरिंग वाल्ववर संशय घ्या. पंप उतरवण्याच्या मानाने तो फार स्वस्त असतो.

नोझलांची घरगुती परीक्षा रिटर्न टेस्ट. प्रत्येक नोझलची रिटर्न नळी काढून एकेका बाटलीत सोडायची, नोझलांच्या रिटर्नची मोकळी राहिलेली नळी बंद करायची आणि पाच मिनिटं इंजिन चालवायचं. चारही बाटल्या साधारण सारख्या भरल्या पाहिजेत. एखादी बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली, तर तेच नोझल दाब सांडतंय. ते एकटंच पंप-नोझलवाल्याकडे बेंचवर तपासायला द्या. नवं किंवा दुरुस्त केलेलं नोझल बसवताना त्याच्यावर कोरलेला कोड ईसीयूमध्ये भरावाच लागतो. तो न भरता गाडी हातात दिली तर खडखड आणि धूर सोबत घेऊन घरी याल.

इथे एक इशारा, आणि तो मी ठळक अक्षरात छापला असता. सुमो, जीप, जुने ट्रॅक्टर यांवर हात बसलेले मिस्त्री चालू इंजिनात नोझलच्या पाइपाचा नट ढिला करून कोणता सिलिंडर मिस होतोय ते ओळखायचे. कॉमन रेलमध्ये असं करणं म्हणजे आत्मघात. सुईएवढ्या छिद्रातून शेकडो बार दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत बोट सडायला लागतं. असं झालं तर मलम लावून बसू नका, ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना “दाबाचं डिझेल आत गेलंय” हे स्पष्ट सांगा.

थंड राहणारं इंजिन

थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन साठ-पासष्ट अंशांवरच घुटमळतं. कोणी तक्रार करत नाही, उलट “आमची गाडी कधी तापत नाही” म्हणून कौतुक होतं. पण ईसीयूला वाटतं गाडी अजून थंडच आहे. तो जास्त डिझेल देतो, गिअरबॉक्स उशिरा वरचा गिअर टाकतो, लॉकअप लागायला नकार देतो. ॲव्हरेज घसरतं, गाडी जड वाटते. स्कॅनरवर वीस मिनिटांच्या प्रवासानंतरचं कूलंटचं तापमान पाहा. ऐंशीच्या वर स्थिर नसेल तर थर्मोस्टॅट बदला. माझ्या एका मित्राच्या गाडीत एवढाच दोष होता.

इंजिन आतून थकलंय का

एवढं होऊनही ताकद नसेल तरच कॉम्प्रेशन. चांगल्या स्कॅनरने एखादा सिलिंडर सैल आहे का याचा अंदाज काही न खोलता येतो. ऑइलचं झाकण उघडून चालू इंजिनात फुसफुस वाफ जोराने येते का बघा; थोडी येणारच. ऑइलची डिपस्टिक वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर नोझल आत गळतंय, गाडी चालवू नका. सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बुजलं तरी गाडी अशीच गुदमरते, आणि बहुतेक गॅरेजं ते सगळ्यांत शेवटी बघतात.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. बॅटरी काढली असेल किंवा गिअरबॉक्सचं ऑइल बदललं असेल तर काही दिवस गिअर थोडे झटक्याने पडतील, कॉम्प्युटर पुन्हा शिकत असतो. काही गाड्यांत ते शिकवणं स्कॅनरने करावं लागतं, मॅन्युअल बघा.

मग तोच गिअर, तोच रस्ता, तेच रेकॉर्डिंग, आणि जुनं-नवं शेजारी ठेवा. होज बदलल्यावर मी पुन्हा खंबाटकीला गेलो. १४० च्या जागी २२५ आले, धूर नाही. पण रेल प्रेशरची रेषा मागणीच्या जरा खाली दिसली, आधी हे लक्षातच आलं नव्हतं. घरी येऊन फिल्टरचा ड्रेन उघडला, तर बाटलीच्या तळाशी बोटभर पाणी.